न्यूझीलंडचा लॉकडाऊन वेगळा, न्यूझीलंडची सीमाबंदी वेगळी

कोरोनाकाळात न्यूझीलंडचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू यायचं: ‘त्यांनी कडक लॉकडाऊन केला, म्हणून वाचले.’ आजही ऐकू येतं. त्या देशाने दोन वेगवेगळे निर्बंध लावले होते. एक होता देशाच्या आतला लॉकडाऊन आणि दुसरी देशाच्या दारावरची सीमाबंदी. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झाले आणि आपल्याकडचं लॉकडाऊनही नेमकं त्याच सुमारास लागलं, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याच्या मनात सगळं एकत्र झालं. पण दोन्हींचे कायदे वेगळे, मुदती वेगळ्या आणि झळ सोसणारी माणसं तर फारच वेगळी होती.

आधी तारखा पाहू. सीमा बंद झाली 19 मार्च 2020 च्या रात्री. नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचं जवळचं कुटुंब सोडून इतरांना प्रवेश थांबला. लॉकडाऊन, म्हणजे तिथल्या भाषेत ‘अलर्ट लेव्हल फोर’, त्यानंतर सहा दिवसांनी 25 मार्चच्या रात्री सुरू झाला आणि 27 एप्रिलच्या रात्री उठला. लेव्हल थ्री, लेव्हल टू असं करत 8 जूनच्या रात्री देश लेव्हल वनवर आला. त्या दिवशी देशात एकही सक्रिय रुग्ण नव्हता. माणसं कार्यालयात जाऊ लागली, लग्नं होऊ लागली, रग्बीची मैदानं भरली. दार मात्र बंदच राहिलं आणि सर्वांसाठी पूर्ण उघडलं ते 31 जुलै 2022 च्या रात्री. म्हणजे पहिला कडक लॉकडाऊन जेमतेम पाच आठवड्यांचा आणि सीमाबंदी 28 महिन्यांहून अधिक.

लॉकडाऊन खरोखर कडक होता, हे मान्यच करायला हवं. किराणा, औषधं, पेट्रोल अशा मोजक्या गोष्टी सोडून सगळं बंद. हॉटेलातून पार्सलसुद्धा मिळत नव्हतं. ते लेव्हल थ्रीला सुरू झालं. प्रत्येक घराचा एक ‘बबल’, त्याबाहेरच्या कुणाला भेटायचं नाही. घराजवळ फिरायला परवानगी होती, समुद्रात पोहायला नव्हती. पण हा भार देशात असलेल्या सगळ्यांवर पडला आणि सरकारने त्यातला काही उचललाही. ज्यांचा धंदा बसला त्या मालकांना पूर्णवेळ कामगारामागे आठवड्याला 585.80 डॉलरचं वेतन-अनुदान मिळत होतं. तात्पुरत्या वर्क व्हिसावर असलेल्या कामगारांचाही त्यात समावेश होता.

सीमेबाहेर अडकलेल्यांसाठी असं काहीच नव्हतं. हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 2020 च्या सुरुवातीला आईवडिलांना भेटायला पुण्याला, नाशिकला किंवा हैदराबादला आलेला एखादा वर्क व्हिसाधारक बघा. नोकरी ऑकलंडमध्ये, भाड्याचं घर तिथे, गाडी तिथे, आणि तो इथे. अनेक कुटुंबं अशी तुटली की नवरा तिकडे, बायको-मूल इकडे. ऑगस्ट 2020 पासून देशाबाहेरून केलेल्या बहुतेक तात्पुरत्या व्हिसांच्या अर्जांचं कामच थांबवलं गेलं. पीएचडीसारख्या वरच्या वर्गातल्या अडीचशे परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचं जाहीर झालं तेव्हा ती मोठी बातमी ठरली. इतकं दार घट्ट होतं.

कायद्याच्या अंगानेही दोन्ही गोष्टी वेगळ्या. घरात राहण्याचे आदेश 1956 च्या आरोग्य कायद्याखाली निघाले आणि मे 2020 मध्ये कोविडसाठी स्वतंत्र कायदा झाला. परदेशी माणसाला अडवणं हा इमिग्रेशनच्या नियमांचा भाग होता. नागरिकाचं तसं नाही. न्यूझीलंडच्या 1990 च्या हक्क-कायद्याच्या 18 व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला मायदेशी परतण्याचा हक्क दिला आहे. त्याला दारात अडवता येत नव्हतं. पण येणाऱ्या प्रत्येकाला 14 दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात काढावे लागत, आणि खोल्या मोजक्या होत्या.

याच व्यवस्थेचं नाव ‘एमआयक्यू’, म्हणजे ‘मॅनेज्ड आयसोलेशन अँड क्वारंटाइन’. ऑकलंड, हॅमिल्टन, रोटोरुआ, वेलिंग्टन आणि क्राइस्टचर्च या पाच शहरांतली हॉटेलं त्यासाठी घेतली होती. निरोगी प्रवासी त्यांत राहत. पॉझिटिव्ह निघालेल्यांची रवानगी वेगळ्या ठिकाणी होई, ऑकलंडला जेट पार्क हॉटेलमध्ये. जून 2020 मध्ये विशेष सवलतीने लवकर सोडलेले दोन प्रवासी वेलिंग्टनला पोहोचल्यावर पॉझिटिव्ह निघाले, आणि मग या व्यवस्थेची सूत्रं लष्करी अधिकाऱ्याकडे गेली. पुढे खोलीचं व्हाउचर हातात असल्याशिवाय विमानात बसता येईना. सप्टेंबर 2021 मध्ये खोल्या वाटण्यासाठी ऑनलाइन रांग सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी सुमारे 3,200 खोल्यांसाठी 31 हजारांहून जास्त लोक रांगेत होते. रांगेतला क्रमांक संगणक यदृच्छेने देई. आजारी आईकडे निघालेला आणि सुट्टीवरून परतणारा, दोघांना सारखीच संधी. कागदावर हक्क शाबूत, हातात खोली नाही.

भारताच्या बाबतीत तर नागरिकाचा हक्कही काही दिवस बाजूला ठेवला गेला. 11 एप्रिल ते 28 एप्रिल 2021 या काळात भारतातून येणाऱ्या सर्वांना, न्यूझीलंडच्या नागरिकांनाही, प्रवेश बंद होता. त्या वर्षी गुढीपाडवा 13 एप्रिलला होता. तिकडच्या कितीतरी मराठी घरांनी तो सण याच काळजीत काढला असेल. बंदी उठल्यावरही भारत ‘अतिधोक्याच्या’ देशांच्या यादीत गेला आणि येण्याची मुभा मुख्यतः नागरिकांना व त्यांच्या जवळच्या कुटुंबाला राहिली. कायमचे रहिवासी असलेल्या अनेकांना आपण ‘कायमचे’ नाही, हे तेव्हा कळलं.

आता दोन्ही निर्बंध एकमेकांत मिसळले असा एक प्रसंग. 17 ऑगस्ट 2021 ला डेल्टाचा एक रुग्ण सापडला आणि पुन्हा देशभर लेव्हल फोर लागली. बाकी देश काही आठवड्यांत सुटला, ऑकलंड अडकलं. शहराच्या दक्षिणेला आणि उत्तरेला पोलिसांच्या चौक्या बसल्या, परवानगीशिवाय शहराबाहेर जाता येईना. देशाच्या आत एक सीमा तयार झाली. ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत टिकली. ऑकलंडकरांना त्या महिन्यांत, बाहेर अडकलेल्यांना काय वाटत असेल याची थोडी कल्पना आली.

मग न्यूझीलंडला वाचवलं कशाने? माझं मत असं की लॉकडाऊनने घरातली आग विझवली आणि सीमाबंदीने नवी ठिणगी आत येऊ दिली नाही. एकटा लॉकडाऊन पुरला नसता. आपल्याकडेही तो कडक होता, पण तेव्हा विषाणू आतच पसरलेला होता आणि घरी न बसता येणारी माणसं कोट्यवधी होती. चहूबाजूंनी समुद्र आणि मोजके विमानतळ हा न्यूझीलंडचा फायदा सीमाबंदीमुळे कामी आला. 2021 संपताना 50 लाख वस्तीच्या त्या देशात कोविडचे मृत्यू सुमारे 50 होते. हे यश मोठंच आहे, आणि त्याची किंमत कुणी दिली हेही त्यासोबतच सांगायला हवं.

न्यायालयांनी दोन्ही निर्बंध वेगवेगळे तपासले. ऑगस्ट 2020 मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं की लॉकडाऊनच्या पहिल्या नऊ दिवसांत घरात राहण्याची सक्ती गरजेची होती, पण तिला कायद्याचा आधार नव्हता. एप्रिल 2022 मध्ये दुसऱ्या निकालात न्यायालयाने हॉटेलातलं विलगीकरण योग्य ठरवलं, मात्र खोल्या वाटण्याच्या पद्धतीने काही नागरिकांच्या परतण्याच्या हक्कावर समर्थन न करता येण्याजोगी मर्यादा आणली, असा निष्कर्ष काढला. व्हिसाधारक या निकालातही नव्हते. तो हक्क नागरिकांचा.

सप्टेंबर 2021 मध्ये सरकारने एकदाच मिळणारा ‘रेसिडेंट व्हिसा’ जाहीर केला. सुमारे 1 लाख 65 हजार लोकांना त्याचा लाभ होईल असा अंदाज होता. मुख्य अट अशी की अर्जदार 29 सप्टेंबर 2021 ला न्यूझीलंडमध्ये असला पाहिजे. मार्च 2020 मध्ये ज्यांचं विमान हुकलं आणि नंतर परतताच आलं नाही, त्यातले बहुतेक या अटीत बसले नाहीत.