पहिलं विमान हातानेच सोडा
(नव्याने छंद सुरू करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी)

‘मुलीला रिमोटचं विमान हवंय, चांगलंसं दाखवा,’ असं म्हणत पालक येतात, तेव्हा आम्ही आधी बाल्सा लाकडाचा साधा ग्लायडर पुढे ठेवतो. त्याला मोटर नाही, बॅटरी नाही. काहींचा हिरमोड होतो, तरी आम्ही आग्रह सोडत नाही. महागडं विमान पहिल्याच दिवशी जमिनीत घुसलं की मूल पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. ग्लायडर पडला तर धावत जाऊन उचलतं आणि परत सोडतं.

जोडताना

गोंद बेताने लावा आणि रात्रभर सुकू द्या. शेपटाकडे गोंदाचा एक जास्तीचा थेंब राहिला, तरी तोल साधायला नाकात त्याच्या कितीतरी पट वजन भरावं लागतं. पंख मधून दोन्हीकडे थोडे वर उचललेले दिसतील, ते सपाट करायला जाऊ नका. त्या उचलामुळेच कललेलं विमान स्वतःहून सावरतं.

उडवताना

पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर खालून दोन बोटं टेकवून विमान उचला. शेपूट झुकलं तर नाकाला क्लेची गोळी चिकटवा. मग वारा पडलेला असताना, मऊ गवतावर, असेल तेवढ्या वाऱ्याकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून हलकेच सोडा. भिरकावू नका.

आता नीट बघायचं. नाक वर करून थबकलं, मग सूर मारून खाली आलं आणि पुन्हा वर चढलं, तर नाक हलकं आहे. सरळ जमिनीकडेच निघालं, तर जड आहे. एकाच बाजूला वळत राहिलं, तर मागून डोळ्यांच्या रेषेत धरून पंख पिळवटलाय का ते पाहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

या वेळी मोठ्यांनी हात मागे बांधून उभं राहावं, ही आमची कळकळीची विनंती. मैदानावर एक दहा वर्षांची मुलगी नखाने क्लेचा कण काढायची, विमान सोडायची, मान हलवायची, परत कण लावायची. वडील दोनदा पुढे सरसावले, तिने दोनदा थांबवलं. बाराव्या वेळी विमान गवताच्या टोकांवरून सरळ निघालं आणि तिच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे जाऊन टेकलं. ती ओरडली नाही, पावलं मोजत गेली.

पुढची पायरी: रबर

१८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत फ्रेंच संशोधक आल्फाँस पेनो यांनी पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान सुमारे ४० मीटर उडवून दाखवलं. त्यांच्याच रचनेवरून केलेलं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी घरी आणलं. ते मोडल्यावर मुलांनी स्वतः तसंच दुसरं बनवलं. रबरावर चालणारं असं विमान तुम्ही उडवाल, तेव्हा रबर आधी ताणा, मग पीळ द्या. जास्त फेरे बसतात आणि तुटण्याची भीती कमी होते.

रिमोट कधी?

ग्लायडर सरळ उडू लागला की. सुरुवातीला पंख धडाच्या वर बसवलेलं, फोमचं, संथ विमानच घ्या. सगळ्यात अवघड जातं ते विमान आपल्याकडे येताना: तेव्हा डावं-उजवं उलटं भासतं. त्यासाठी आधी काही दिवस संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवा.

लिथियम-पॉलिमर बॅटरी तिच्याच चार्जरवर, मोठं माणूस समोर असतानाच चार्ज करा. फुगलेली बॅटरी वापरू नका. बॅटरी जोडल्यावर प्रोपेलरच्या (विमानाच्या फिरत्या पात्यांच्या) समोर कुणी उभं राहायचं नाही. विमानतळाजवळ किंवा लोकांच्या डोक्यावरून उडवू नका आणि नोंदणीचे नियम आधी विचारून घ्या; बऱ्याच देशांत २५० ग्रॅमहून जड विमानाला नोंदणी लागते.

मोडलं तर

मोडणारच. सगळे तुकडे, अगदी काडीएवढेसुद्धा, पिशवीत घालून आमच्याकडे आणा आणि मुलालाही सोबत आणा. गोंद आणि टाचण्या आम्ही देऊ, जोडायचं त्याने.