होकायंत्र महाग, म्हणून उत्तर अचूक?

नेम धरून दिशा वाचण्याचे महागडे होकायंत्र कुठेही अचूक उत्तर दिशा दाखवते, असा समज भटक्यांमध्ये रूढ आहे. वस्तुतः त्यातील आरसा किंवा लोलक केवळ अंश वाचण्यातील चूक कमी करतो. एका अंशाची चूक किलोमीटरमागे सुमारे १७ मीटर भरत असल्याने हा लाभ लहान नाही, पण सुई त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राचेच ऐकते. सह्याद्रीत सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची भौगोलिक उत्तर यांतील फरक जेमतेम एक अंशाच्या आत असल्याने तो सहसा जाणवत नाही. मात्र तिथल्या बेसाल्ट खडकातील मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज, आणि त्याहून अधिक वेळा छातीवरच्या खिशातला मोबाइल, सुईला बाजूला ओढू शकतो. पडताळण्यासाठी एका खुणेवरून दुसरीचा आणि तिथे पोहोचल्यावर उलट पहिलीचा उत्तरेपासूनचा कोन घ्यावा. दोहोंत १८० अंशांचा फरक न आल्यास काही पावले सरकून मोजणी पुन्हा करावी.