ग्रामपंचायतीचा लेखापरीक्षण अहवाल कसा मिळवायचा: पात्रता, कागदपत्रं, शुल्क आणि अपील

ग्रामपंचायतीच्या पैशाचा हिशेब मागायचा म्हटलं की बरेच जण थेट ‘गेल्या पाच वर्षांचा संपूर्ण जमाखर्च, सर्व बिलांसह द्यावा’ असा माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. महिन्याभरानं पत्र येतं: पानं इतकी हजार, दोन रुपये पानाप्रमाणे इतकी रक्कम भरा. अर्जदार गप्प बसतो आणि विषय संपतो. पैसे भरले तरी घरात कागदांचा गठ्ठा येऊन पडतो आणि त्यात नेमकं काय शोधायचं हे कळत नाही.

यापेक्षा जवळचा रस्ता आहे. तुमच्या गावाची दप्तरं तपासण्याचं काम सरकारनं नेमलेला लेखापरीक्षक आधीच करून गेलेला असतो. कोणत्या खर्चाला प्रमाणक (म्हणजे बिल) नाही, कोणती रक्कम कोणाकडून वसूल करायची, कुठं नियम डावलून खरेदी झाली, हे त्यानं परिच्छेद क्रमांक टाकून लिहून ठेवलेलं असतं. तो अहवाल मागा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या आक्षेपांवर पुढं काय केलं याचा कागद मागा. हा दुसरा कागद फार थोडे लोक मागतात. माझ्या मते खरी गोष्ट त्यातच असते.

हे लेखापरीक्षण कोण करतं?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचं लेखापरीक्षण राज्याच्या वित्त विभागाखालचं स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय करतं. गावात त्याला सरसकट ‘लोकल फंडाचं ऑडिट’ म्हणतात. त्याची कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. तपासणी झाली की अहवाल ग्रामपंचायतीकडे येतो, आणि प्रत्येक आक्षेपाला उत्तर देऊन त्याची पूर्तता करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक असतं. या उत्तरालाच अनुपालन म्हणतात. ते लेखापरीक्षकाला पटलं तरच आक्षेप वगळला जातो, नाहीतर तो पुढच्या वर्षाच्या अहवालात ‘प्रलंबित’ म्हणून तसाच सरकत राहतो.

कॅगचं, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचं, काम वेगळ्या पातळीवर चालतं. राज्याच्या हिशेबांवरचे त्यांचे अहवाल घटनेच्या अनुच्छेद 151 नुसार राज्यपालांकडे जातात आणि तिथून विधिमंडळात मांडले जातात. पुढं विधिमंडळाची लोकलेखा समिती त्यांची छाननी करते, आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांपुरतं हे काम पंचायत राज समिती पाहते. विधिमंडळात मांडलेला अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. मांडण्याआधी तो मागितला तर विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं कारण देऊन नकार मिळतो. गावच्या गटाराच्या बिलासाठी तिकडं जाण्याची गरज नाही.

अर्ज करण्याआधी दोन ठिकाणी पाहा

पहिलं ठिकाण ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 नुसार आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत, म्हणजे मे अखेरपर्यंत, घ्यावी लागते. त्या सभेपुढं वार्षिक हिशेबाचं विवरण, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा कामांचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी तिच्या उत्तरांसह ठेवणं पंचायतीचं कर्तव्य आहे. म्हणजे हा कागद तुम्ही न मागता तुमच्यासमोर यायला हवा. सभेत उभं राहून ‘शेवटची ऑडिट टिप्पणी वाचून दाखवा’ एवढंच म्हणा आणि ती मागणी इतिवृत्तात नोंदवून घ्या. वाचून दाखवली नाही, तरी नोंद पुढं अपिलात कामाला येते.

दुसरं ठिकाण म्हणजे केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची दोन संकेतस्थळं, ई-ग्रामस्वराज आणि ऑडिटऑनलाइन. पहिल्यावर राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की मंजूर आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. दुसऱ्यावर प्रामुख्यानं वित्त आयोगाच्या निधीचे लेखापरीक्षण अहवाल असतात. घरपट्टी, पाणीपट्टी यांसारख्या ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा हिशेब तिथं पुरेसा मिळत नाही. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागतो.

अर्ज कोण करू शकतो?

भारताचा कोणताही नागरिक. त्या गावचा रहिवासी, मतदार किंवा करदाता असण्याची अट नाही. पुण्यात नोकरीला असलेला माणूस आपल्या मूळ गावच्या ग्रामपंचायतीकडे अर्ज करू शकतो, आणि ज्याचं त्या गावाशी काहीच नातं नाही तोही करू शकतो. अर्ज संस्थेच्या किंवा मंडळाच्या नावानं न करता व्यक्तीच्या नावानं करा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 6(2) मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. ‘घरपट्टी थकली आहे, आधी ती भरा, मग माहिती’ असं उत्तर कुणी दिलं तर त्याला कायद्याचा आधार नाही. थकबाकी वसूल करायचे मार्ग वेगळे आहेत, माहिती अडवणं हा त्यातला एक नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा तोंडी अर्ज लेखी स्वरूपात उतरवून देण्यासाठी मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे.

कागदपत्रं आणि शुल्क

लागतं फार थोडं. जोडपत्र ‘अ’, म्हणजे राज्याच्या माहिती अधिकार नियमांना जोडलेला अर्जाचा नमुना, आणि त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, त्यासाठी त्या दाखल्याची प्रत जोडावी. रोख 10 रुपये भरूनही अर्ज देता येतो, फक्त पावती घ्यायला विसरू नका. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारीख, शिक्का, सही घेऊन ती जपून ठेवा, कारण पुढची सगळी मुदत या पोचेवरून मोजली जाते. कुणी पोच द्यायला टाळाटाळ करत असेल तर वाद न घालता स्पीड पोस्टानं पाठवा.

माहितीच्या प्रतींसाठी नेहमीच्या आकाराच्या कागदाला पानामागे 2 रुपये पडतात. कार्यालयात बसून दप्तर पाहायचं असेल तर पहिला तास मोफत असतो.

अर्ज कुणाच्या नावे? ग्रामपंचायतीचा जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. सरपंचांच्या नावे अर्ज देऊ नका. चुकून भलत्याच कार्यालयात अर्ज गेला तर तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्या कार्यालयाची आहे. राज्याचं ऑनलाइन माहिती अधिकार पोर्टल आहे, पण ग्रामपंचायतीसाठी कागदी अर्जच खात्रीचा.

अर्जात काय लिहायचं

इथं थोडं थांबू, कारण निम्मे अर्ज इथेच फसतात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे 150 शब्दांपेक्षा जास्त नसावा. शिवाय ‘का’ आणि ‘कसं’ विचारलं की उत्तर येतं, ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ हा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा. अर्जात मागायचा तो दप्तरात असलेला कागद, त्याच्या नावानं.

ग्रामपंचायतीच्या हिशेबांची दप्तरं नमुना क्रमांकानं ओळखली जातात, 1 ते 33. सगळे पाठ करायची गरज नाही, कामाचे थोडेच आहेत. नमुना 3 म्हणजे वार्षिक जमाखर्च विवरण. नमुना 5 ही सामान्य रोकड वही. नमुना 12 आकस्मिक खर्चाचं प्रमाणक, म्हणजे रोजच्या भाषेत बिल. नमुना 16 मध्ये जड वस्तू आणि जंगम मालमत्तेची नोंद असते, म्हणजे विकत घेतलेले पथदिवे, मोटार, खुर्च्या तिथं दिसायला हव्यात. नमुना 20 च्या मालिकेत कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप वही आणि देयक येतं. नमुना 28 मध्ये मागासवर्गीयांसाठीचा 15 टक्के आणि महिला व बालकल्याणासाठीचा 10 टक्के खर्च नोंदतात.

आणि आपल्या विषयाचे दोन: नमुना 27, म्हणजे लेखापरीक्षणातल्या आक्षेपांच्या पूर्ततेचं मासिक विवरण, आणि नमुना 30, म्हणजे आक्षेप पूर्ततेची नोंदवही. ज्या ग्रामपंचायतीत नमुना 30 नीट भरलेला आहे तिथं कारभार बऱ्यापैकी शिस्तीचा असतो, असं मला वाटतं. जिथं तो कोरा असतो तिथं आक्षेप वर्षानुवर्षं नुसते साठत गेलेले असतात.

मजकूर असा लिहिता येईल:

‘माहितीचा विषय: ग्रामपंचायतीचे लेखापरीक्षण. कालावधी: 1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2024. आवश्यक माहिती: वरील वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालांच्या साक्षांकित प्रती, त्यातील आक्षेपांबाबत ग्रामपंचायतीने सादर केलेल्या अनुपालन अहवालांच्या प्रती, नमुना 27 व नमुना 30 मधील संबंधित नोंदींच्या प्रती, वसूलपात्र ठरविलेल्या रकमांपैकी प्रत्यक्ष वसूल झालेल्या रकमांच्या चलनांच्या प्रती. माहिती टपालाने न मागवता व्यक्तिशः घेईन.’

वर्षं दोनच टाका. या अहवालात एखादं काम संशयास्पद वाटलं तर फक्त त्या कामाचं प्रमाणक, मोजमाप वही आणि कार्यारंभ आदेश मागणारा दुसरा अर्ज करा. दोन छोटे अर्ज एका मोठ्या अर्जापेक्षा जास्त माहिती मिळवून देतात, आणि ग्रामसेवकाचाही वेळ वाचतो. एका माणसाकडे दोन-तीन गावांचा कारभार असतो हे आपण लक्षात ठेवायला हवं.

मुदत आणि पैसे भरण्याचं पत्र

अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत निर्णय यायला हवा. पैसे भरण्याचं पत्र आलं तर त्यात पानांची संख्या आणि हिशेब दिलेला असला पाहिजे. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस 30 दिवसांत धरले जात नाहीत, म्हणून उशीर करू नका. मुदत उलटून गेल्यावर माहिती द्यायची झाली तर ती मोफत द्यावी लागते. हे कलम 7(6). उशिरा आलेलं मागणीपत्र हातात पडलं तर या कलमाचा उल्लेख करून दोन ओळींचं उत्तर द्या.

माहिती नाही मिळाली तर

पहिलं अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, 20 रुपयांच्या कोर्ट फी स्टँपसह. नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तरच आलं नसेल तर मुदत संपल्यापासून, 30 दिवसांच्या आत. ग्रामपंचायतीच्या बाबतीत अपिलीय अधिकारी बहुधा पंचायत समितीत बसतो. त्याचं नाव आणि पद ग्रामपंचायतीच्या माहिती फलकावर असायला हवं. त्यानं 30 दिवसांत, आणि कारणं नोंदवून जास्तीत जास्त 45 दिवसांत, निर्णय द्यायचा असतो. सुनावणीला जरूर जा. अर्जाची पोच, आलेलं उत्तर आणि ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत बरोबर ठेवा. माझा अनुभव असा की ऑडिटचा कागद हा गुप्त कागद नसल्यामुळे पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात.

तिथंही काही झालं नाही तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, जोडपत्र ‘क’ मध्ये, पुन्हा 20 रुपयांच्या स्टँपवर, 90 दिवसांच्या आत. आयोगाची खंडपीठं पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशी विभागवार आहेत, आपल्या जिल्ह्याचं कोणतं ते पाहून अपील पाठवा. आयोगासमोर तारीख लागायला बराच काळ जातो, हे मनाशी धरून चला. कारण नसताना माहिती अडवल्याचं दिसलं तर आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो. तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

अहवाल हातात आल्यावर

आधी शेवटची पानं पाहा. तिथं बहुधा मागच्या वर्षांचे प्रलंबित आक्षेप आणि रकमा असतात. मग दोन शब्द वेगळे ओळखा. ‘आक्षेपाधीन’ म्हणजे खर्चाला पुरेसा कागद दाखवला नाही. तो नंतर दाखवला तर आक्षेप सुटू शकतो, आणि कित्येकदा ही चूक निव्वळ दप्तर न लिहिण्याची असते. ‘वसूलपात्र’ म्हणजे ती रक्कम संबंधितांकडून परत घ्यायला लेखापरीक्षकानं सांगितलं आहे. पहिल्या शब्दावरून कुणाला चोर ठरवू नका, गावात नाव एकदा खराब झालं की माणसाला ते आयुष्यभर चिकटतं. दुसऱ्या शब्दासमोरची रक्कम मात्र सोडू नका.

त्या वसूलपात्र रकमेचं चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, मिळालं नाही, तर अहवालाचं ते पान, परिच्छेद क्रमांक आणि नमुना 30 ची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्या, आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा. निवेदनात आरोपाची भाषा नको. ‘परिच्छेद अमुकनुसार वसूलपात्र रकमेच्या वसुलीची सद्यःस्थिती कळवावी’ इतकंच पुरतं.

‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या आणि पहिल्या अपिलात अभिलेख शोधून देण्याचा आदेश मागा. सरकारी दप्तर परस्पर नष्ट करणं किंवा गहाळ करणं हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 खाली शिक्षापात्र प्रकार आहे. अपिलात या अधिनियमाचा उल्लेख करा. आणि दरम्यान तोच लेखापरीक्षण अहवाल जिल्ह्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाकडे मागणारा वेगळा अर्ज टाका. अहवाल त्यांनीच लिहिलेला असल्यानं त्यांच्याकडे त्याची प्रत असते.