जुनी डिझेल सात सीटर नावावर करताना: पात्रता, कागदपत्रं आणि कामाचा क्रम

आमच्याकडे दुसरं बाळ झालं आणि आठवड्याभरात कळलं, की हॅचबॅकमध्ये आता एकच काहीतरी बसेल: मुलांच्या सीटा किंवा आजी-आजोबा. नवी सात सीटर खिशाला झेपणारी नव्हती, म्हणून २०१८ची डिझेल इनोव्हा क्रिस्टा घेतली. इंजिन, टर्बो, क्लच, टायर कसे तपासायचे हे सांगायला मेकॅनिकपासून मेहुण्यापर्यंत सगळे तयार असतात. कागदांचं नीट सांगणारा मात्र एकही भेटला नाही. म्हणून हे लिहितोय, आणि फक्त कागदांबद्दलच.

सगळ्यात आधी मालक कोण ते समजून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या दृष्टीने आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. पैसे कुणी दिले, किल्ली कुणाकडे आहे, स्टँपपेपरवर काय लिहिलंय, हे नंतरचं. गाडी एकामागून एक चार हातांत गेली आणि नोंद बदलली नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्यामुळे गाडी नावावर करून घेण्याची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही असायला हवी. प्रत्यक्षात टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी हस्तांतराच्या फॉर्मवर, सह्या करून दिल्या की विकणारा निवांत होतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी 'ओपन', म्हणजे पुढच्या कुणाच्याच नावावर न करता, ठेवणारे दलाल याच निवांतपणावर जगतात.

पात्रता: घेणाऱ्याची थोडी, गाडीची जास्त

घेणारा सज्ञान असावा आणि त्याच्याकडे ओळखीचा व पत्त्याचा पुरावा असावा, एवढं पुरतं. गाडी नावावर घ्यायला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही. चालवायला लागतं, आणि सात-आठ सीटर खासगी गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स, चालतं.

खरी परीक्षा गाडीची. परिवहन खात्याच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, वाहनाचा वर्ग, इंधन, विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र), बँकेचा बोजा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, त्यामुळे मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) हातात घेऊन पाहा. ई-चलन वेगळं तपासा. द्रुतगती मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीच्या मागे वेगमर्यादेची चलनं माळेसारखी लागलेली सापडतात.

नोंदणीची तारीख नीट बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासोबत पर्यावरण कर. २०१८च्या गाडीला २०३३ पर्यंत चिंता नाही. २०११ची जुनी इनोव्हा स्वस्त मिळाली, तर ती स्वस्ताई तशीच टिकणार नाही, हे धरून चाला.

आता वाहनाचा वर्ग. सात सीटर घेणाऱ्याने इथेच जास्त वेळ घालवावा, कारण इनोव्हा, अर्टिगा, झायलो, टवेरा यांचं अर्धं आयुष्य टॅक्सी म्हणून जातं. आरसीवर 'मोटर कार' असेल तर ती खासगी. 'मोटर कॅब' किंवा 'मॅक्सी कॅब' असेल तर ती प्रवासी वाहतुकीची, पिवळ्या पाटीची. "पाटी पांढरी करून देतो हो, त्यात काय," असं म्हणणारे भेटतील. पाटीला रंग लावून वर्ग बदलत नाही. परमिट परत करावं लागतं, कराचा हिशेब पुरा करावा लागतो, आरटीओची परवानगी लागते आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. हे सगळं विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने करून, आरसीवर 'मोटर कार' आल्यानंतरच सौदा करा. आम्ही पाहिलेल्या एका गाडीचा मीटर ७२,००० किलोमीटर दाखवत होता, पण ड्रायव्हर सीटची कड झिजून आतला स्पंज बाहेर आला होता आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं होतं. आरसी पाहिलं. मोटर कॅब.

बोजा

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर त्याला हायपोथिकेशन म्हणतात. एजंटांच्या भाषेत 'एचपी'. कर्ज फिटलं म्हणजे एचपी उतरलं, असं नाही. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रतींत, आरटीओकडे गेल्यावरच बोजा उतरतो.

आम्ही इथेच अडकलो. विकणाऱ्या काकांनी कर्ज २०२१ मध्येच फेडलं होतं, एनओसी फाइलमध्ये जपून ठेवली होती, पण ती आरटीओत द्यायची असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तोवर त्या एनओसीची मुदत संपलेली. बँकेने नवीन पत्र द्यायला तीन आठवडे घेतले, कारण ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. तोपर्यंत टोकन म्हणून दिलेली रक्कम सोडून एक रुपयाही द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. काका थोडे रागावले. बायकोने त्यांना चहा पाजला.

तुम्ही स्वतः कर्ज काढून जुनी गाडी घेत असाल तर तुमच्या बँकेचा बोजा चढवायला फॉर्म ३४ लागतो आणि त्याचं शुल्क वेगळं.

नाव बदलण्याचा अर्ज

यातले दोन फॉर्म पाठच करा. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने गाडी विकल्याची दिलेली सूचना, दोन प्रतींत. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज, त्यावर दोघांच्याही सह्या. गाडी राज्यातल्या राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. सह्या आरसीवरच्या किंवा मूळ नोंदीतल्या सहीशी जुळल्या पाहिजेत. माणसाची सही दहा वर्षांत बदलते, हे आरटीओला मान्य नसतं.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांचं आधार, पॅन (नसेल तर फॉर्म ६०), घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि चेसिस नंबरची पेन्सिल छाप. बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्यांची सहा महिने. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर मालकी बदलासारखी कामं अडतात. महाराष्ट्रात चारचाकीसाठी या प्लेटचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. ती विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या.

अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा. आधार पडताळणी करून तो 'फेसलेस', म्हणजे आरटीओत न जाता, करता येतो, पण ओटीपी विकणाऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर बंद पडलेला असेल तर आधी नंबर बदलण्याचं काम. कारचं हस्तांतरण शुल्क मूळ नोंदणी शुल्काच्या निम्मं, म्हणजे ३०० रुपये. वर कार्डाचे आणि टपालाचे. एजंट काही हजार मागेल तेव्हा हा आकडा आठवा, मग ठरवा. मी एजंट केला नाही, पण अर्ज दोनदा परत आला, हेही कबूल करतो: एकदा फॉर्म ३० वर तारीख नव्हती म्हणून, एकदा स्कॅन पुसट म्हणून.

मूळ मालक हयात नसेल तर २९-३० चालत नाहीत. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग विकायची. वाहन विक्रेत्याकडून घेत असाल तर तो आरटीओचा अधिकृत विक्रेता आहे का, ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्याला गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते आणि त्यानंतर गाडी पुढच्या मालकाच्या नावावर होईपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर राहते.

परराज्यातली गाडी

दिल्लीची डिझेल इनोव्हा दीड-दोन लाखांनी स्वस्त दिसते. कारण साधं आहे: हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली आणि भाव पडले. ती इथे आणायची तर फॉर्म २८ वर मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा एकरकमी कर आणि नवीन एमएच नंबर, एवढं लागतं. डिझेलला हा कर पेट्रोलपेक्षा जास्त. नव्या गाडीला किमतीनुसार १३ ते १५ टक्के, जुनीला वयानुसार कमी. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागायचा तो तिकडच्याच आरटीओकडे. सिंधुदुर्गात गोव्याची गाडी घेणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो.

गाडी घरी आणताना

डिलिव्हरी नोटवर, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याच्या कागदावर, तारखेसोबत वेळही लिहा. आमच्यावर लिहिलंय: "दुपारी ४.४०, मीटर ९१,३१८." त्याच दिवशी सकाळचं चलन आलं ते काकांच्या वाट्याला गेलं, वाद झाला नाही. फास्टॅग त्यांनी बंद केला, आम्ही नवा घेतला.

विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. त्रयस्थ पक्षाचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसीवर तुमचं नाव चढल्याशिवाय मान्य होत नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नाही. तो फरक तुम्हाला भरावा लागतो. आणि १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवलं तर १,००० रुपये दंड आहे, तेव्हा तिसऱ्या रांगेतले पट्टे सीटखालून ओढून काढून बघा. आमच्या गाडीत एक पट्टा वर्षानुवर्षं सीटच्या फटीत गाडलेला होता, आणि त्याच्यासोबत एक राजगिऱ्याचा लाडू.

नवं कार्ड आरसीवरच्या पत्त्यावर टपालाने येतं, त्यामुळे भाड्याचं घर बदलणार असाल तर आधी पत्ता ठरवा. तोवर डिजिलॉकरमधलं आरसी दाखवलं तरी चालतं, मात्र त्यावर तुमचं नाव आलंय ना, ते उघडून पाहून मगच लांबच्या प्रवासाला निघा.