तीन रात्रींची क्रूझ: मुंबईहून घ्यावी की सिंगापूरहून?

सुट्टीचे बेत सुरू झाले की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन जाहिराती हमखास फिरतात. एक बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या क्रूझची, दुसरी सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची. दोन्हींत पांढरेशुभ्र जहाज, डेकवरचा तलाव, रात्रीचा शो, बुफे, कॅसिनो. दोन्हींवर 'तीन रात्री, चार दिवस'. मग कोणीतरी भाड्याचे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवते आणि म्हणते, "फार फरक नाहीये, मग परदेशातलीच करू या की." त्या आकड्यांत विमानाचे तिकीट नाही, हा मुद्दा पुढे येईलच. त्याआधीचा घोळ असा की या दोन सुट्ट्या मुळात वेगळ्या आहेत. मुंबईहून निघालात तर जहाज हीच तुमची सुट्टी असते. सिंगापूरहून निघालात तर जहाज हा सुट्टीतला एक मुक्काम असतो. एवढे एकदा डोक्यात बसले की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

आधी रात्री मोजू. कोणत्याही क्रूझवर पहिला दिवस म्हणजे दुपारी बंदरावरची रांग, सामानाची तपासणी, खोली सापडेपर्यंतची धावपळ आणि संध्याकाळी जहाज हलणे. शेवटचा दिवस म्हणजे नाश्ता करून खाली उतरणे. तीन रात्रींत पूर्ण दिवस मिळतात दोन, दोन रात्रींत एक. 'चार दिवस' हे जाहिरातीतले दिवस. हाती आलेल्या या दोन दिवसांत किती तास बंदरावर आणि किती समुद्रात, हा पहिला प्रश्न विचारायचा. भाडे त्यानंतर.

मुंबईकडे बघू. इथे नियमित फेऱ्या मारणारे जहाज म्हणून लोकांना माहीत आहे ते कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे 'एम्प्रेस'. सप्टेंबर २०२१ पासून ते मुंबईहून निघते. जहाज मात्र १९९० सालचे. रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधलेले, मग नावे आणि मालक बदलत आपल्याकडे आलेले. जुने म्हणजे वाईट असे नाही, पण त्या काळी खोलीला बाल्कनी देण्याची पद्धत फारशी नव्हती. त्यामुळे बहुतेक खोल्या एक तर बिनखिडकीच्या किंवा बंद काचेच्या खिडकीच्या. बाल्कनीवाल्या थोड्याच, आणि त्या लवकर जातात. सकाळी बाल्कनीत चहा घेऊन बसायचे चित्र मनात असेल तर मुंबईच्या फेरीसाठी खूप आधी हालचाल करा, नाहीतर ते चित्र बाजूला ठेवा.

फेऱ्यांचे प्रकारही नीट ओळखून घ्या, कारण खरी फसगत इथे होते. एक प्रकार मुंबईहून निघून गोव्याला सोडणारा. दुसरा गोवा करून मुंबईला परत आणणारा. तिसरा नुसता शनिवार-रविवारचा, कुठल्याच बंदराला न लागता समुद्रात फिरवून आणणारा. चौथा लक्षद्वीपचा, जास्त रात्रींचा. पहिल्या दोन प्रकारांच्या जाहिराती जवळपास सारख्या दिसतात आणि 'इतक्या स्वस्तात गोवा!' म्हणून बुक केलेले तिकीट नंतर एकेरी निघते. अर्थात एकेरी फेरी मला तरी वाईट वाटत नाही. गोव्याला उतरा, दोन दिवस राहा आणि मडगावहून वंदे भारतने परत या. ती गाडी २०२३ पासून सुरू आहे, शिवाय कोकणातून येताना खिडकी मोठी मिळते.

गोवा म्हटले की घरातली मोठी माणसे लगेच भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जुन्या बोटी आठवतात. २०१८ मध्ये सुरू झालेली 'आंग्रिया' त्याच जातीची होती: संध्याकाळी मुंबई सोडायची, सकाळी गोवा गाठायचा. तो प्रवास होता, पोहोचणे हा त्याचा हेतू. क्रूझला पोहोचण्याची घाई नसते. रात्रभर निवांत जाऊन ती मुरगाव बंदराला लागते, म्हणजे वास्कोला. इथून पणजी तीसेक किलोमीटर आणि बागा-कळंगुट त्याच्याही पुढे. सकाळी उतरून बागाला जाणे, जेवणे आणि जहाज सुटण्याच्या तासभर आधी परत येणे या खटाटोपात दिवसाचा मोठा भाग टॅक्सीत जातो. जहाज कोणासाठी थांबत नाही. त्यापेक्षा जवळच्या बोगमाळोच्या किनाऱ्यावर बसा किंवा जुन्या गोव्यातली चर्च बघून या. जे जहाजावरच थांबतात त्यांचेही मला काही चुकते असे वाटत नाही. त्या दिवशी तलाव रिकामा असतो.

लक्षद्वीपचे गणित निराळे. तिथे जाता-येता एकेक अख्खा दिवस पाण्यात जातो, आणि जहाज बेटाला लागत नाही. प्रवाळाच्या बाहेर खोल पाण्यात थांबते आणि लहान बोटींतून माणसे किनाऱ्यावर नेतात. हलत्या जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना हे आधी सांगा, तिथे पोहोचल्यावर नको. समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्दही होते. बेटांवर जायला भारतीयांनाही परवाना लागतो. त्याची कागदपत्रे कोण करणार, किती दिवस आधी द्यायची, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

सिंगापूरची गोष्ट जहाजाच्या आकारापासून सुरू होते. तिथले 'गेंटिंग ड्रीम' २०१६ सालचे, लांबी ३३५ मीटर, टनेज, म्हणजे जहाजाच्या आतल्या एकूण जागेचे माप, सुमारे दीड लाख. आपले एम्प्रेस साधारण २१० मीटर आणि ४८ हजारांच्या आसपास, म्हणजे टनेजने तिप्पट फरक. हा फरक सजावटीचा नाही, वेळ कसा जातो याचा आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, मुलांचे वेगळे विभाग, निरनिराळी रेस्टॉरंट, मोठे थिएटर. दहा-बारा वर्षांचे पोर अशा जहाजावर सकाळी जे गायब होते ते भूक लागल्यावरच दिसते. एम्प्रेसवर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे जहाज पाहून होते. शांतपणे पुस्तक वाचणाऱ्याला ते पुरते, त्या पोराला पुरत नाही.

मात्र सिंगापूरच्या बाबतीत बंदरांची नावे डोळे उघडे ठेवून वाचा. जाहिरातीत 'क्वालालंपूर' असते आणि जहाज लागते पोर्ट क्लांगला. तिथून क्वालालंपूर चाळीसेक किलोमीटर, रहदारी असली तर जायलाच तास-दीड तास. पेट्रोनासचे जोड मनोरे बघून धावत परत येणे याला शहर पाहणे म्हणायचे की नाही, तुम्हीच ठरवा. फुकेटला अनेकदा लहान बोटींनीच किनाऱ्यावर नेतात, लक्षद्वीपसारखेच. याउलट पेनांग. तिथे जहाज जॉर्जटाउन शहरालाच लागते, स्वेटनहॅम पिअरला. खाली उतरले की शेजारीच कॉर्नवॉलिसचा किल्ला, चालत गेले की लिटल इंडिया, डोसा आणि केळीच्या पानावरचे जेवण. हे गाव २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि जुन्या गल्ल्या पायी हिंडण्यासारख्या आहेत. एकाच भाड्यात पोर्ट क्लांगची आणि पेनांगची अशा दोन फेऱ्या समोर असतील तर मी डोळे झाकून पेनांग घेईन.

आता समुद्र. 'बोट लागेल का?' हा प्रश्न मराठी घरात जहाजाच्या नावाआधी येतो आणि तो अगदी रास्त आहे. अरबी समुद्र ऑक्टोबरपासून पुढे शांत असतो, पण पावसाळ्यात त्याचे रूप आपण नरिमन पॉइंटवरून दर वर्षी बघतोच. त्या महिन्यांत एम्प्रेस चेन्नईला जाते आणि तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या करते, म्हणजे तेव्हा पासपोर्टही लागतो. सिंगापूरहून पेनांगला जाणारा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळे मोठ्या लाटांना मोकळे मैदान मिळत नाही. जहाजे तिथे वर्षभर चालतात. नोव्हेंबर ते जानेवारीत पाऊस बऱ्यापैकी असतो, पण तो भिजवणारा पाऊस, जहाज हलवणारा सहसा नाही. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत दोन्ही पर्याय असतात, गणपतीच्या आधीच्या जोड-सुट्टीत मुंबईचा पर्याय धरून चालू नका.

आता पैशांचे. मुंबईच्या फेरीत भाड्यावर बंदर शुल्क, कर आणि सेवा शुल्क चढते. मुख्य रेस्टॉरंटचे जेवण भाड्यात, पेये आणि खास रेस्टॉरंट वेगळी, आणि सगळा हिशेब रुपयांत. सिंगापूरच्या फेरीत हे सगळे आहेच, शिवाय माणशी दर रात्रीची टिप वेगळी लावलेली असते, आणि बिल कंपनीप्रमाणे सिंगापूर डॉलरमध्ये किंवा अमेरिकी डॉलरमध्ये येते. त्यावर विमान, व्हिसा, प्रवास विमा आणि किमान दोन रात्रींचे हॉटेल. हॉटेल का, तर ज्या दिवशी जहाज सुटते त्याच दिवशी मुंबईहून उडणे हा जुगार आहे. साडेपाच तासांचे विमान, अडीच तासांचा वेळेतला फरक, आणि विमान रखडले तर जहाज गेलेले. परतीच्या दिवशीही तेच. सिंगापूरला राहणे तर स्वस्त नाहीच. पॅकेज घेतलेत तर टीसीएसही, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा आयकर, कापला जाईल, तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करता येतो, पण आत्ता खिशातून जातो. हे सगळे मांडल्यावर पहिल्या दोन आकड्यांतला 'फार फरक नाही' कुठल्या कुठे जातो.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: एका खोलीत तिसरा-चौथा माणूस स्वस्तात जातो आणि एकटा माणूस जवळपास दोघांचे भाडे भरतो. फोन समुद्रात गेल्यावर लगेच विमान-मोडवर टाका. जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कचे रोमिंग फार महाग पडते.

कागदपत्रांत मुंबईची फेरी सोपी. देशातल्या देशात असेल तर सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात नेले की झाले. सिंगापूरसाठी किमान सहा महिने वैध पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, आणि तो मल्टिपल एंट्री आहे ना हे बघायचेच, कारण जहाजाने तुम्ही देश सोडून परत येता. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचे ऑनलाइन कार्ड भरावे लागते. ते फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळा. मलेशिया-थायलंडचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा. आणि सिंगापूरला क्रूझ टर्मिनल दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. तिकिटावरचे नाव वाचून मगच टॅक्सी सांगा. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल किंवा गरोदरपणाचे चोवीस आठवडे उलटले असतील तर बहुतेक कंपन्या दोन्हीकडे घेत नाहीत.

माझे मत विचाराल तर, जहाज आपल्याला मानवते की नाही हेच माहीत नसेल, सोबत आई-वडील असतील, जैन किंवा कडक शाकाहारी जेवणाची चिंता असेल, तर मुंबईहून जा. बॅलार्ड पिअर टॅक्सीच्या अंतरावर, भाषा आपली, नाही आवडले तरी नुकसान शनिवार-रविवारचे. सिंगापूर बघायचे आधीच ठरले असेल आणि शाळकरी मुले सोबत असतील, तर त्या सहलीत तीन रात्री जहाजाच्या घाला. केवळ जहाजासाठी सिंगापूरला जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, विमानात आणि हॉटेलातच निम्मा खर्च होतो.

कुठलीही घेतलीत तरी एजंटकडून जहाजाचे नाव, प्रत्येक बंदरावरचे पोहोचण्याचे आणि सुटण्याचे तास आणि खोलीचा क्रमांक लेखी घ्या. बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खोली मागा, तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. स्वस्त दराच्या तिकिटात खोलीचा क्रमांक कंपनी ठरवते आणि शेवटी कळवते, मग टोकाची खोली वाट्याला आली तर बदलून मिळेलच असे नाही.