रेमिंग्टन आर्म्स : दिवाळखोरी आणि विक्री

अमेरिकेतील बंदुका व काडतुसे बनवणारी जुनी कंपनी. एलिफॅलेट रेमिंग्टन यांनी १८१६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इलियनच्या परिसरात सुरू केलेला हा उद्योग २०१८ आणि २०२० असा दोनदा दिवाळखोरी न्यायालयात गेला. पहिल्या वेळी कर्जाची फेररचना होऊन कंपनी टिकली. दुसऱ्या वेळी ती एकसंध विकली गेली नाही. नाव, कारखाने, यंत्रे आणि ताब्यातील उपकंपन्या यांचे तुकडे होऊन ते सात खरेदीदारांकडे गेले. सगळ्यांची मिळून किंमत सुमारे १५ कोटी ७० लाख डॉलर झाली.

कंपनी बुडण्याची ही पहिली वेळ नव्हती. अमेरिकन यादवी युद्धानंतर लष्करी मागणी ओसरली, तेव्हा ‘ई. रेमिंग्टन अँड सन्स’ने शिवणयंत्रे, शेतीची अवजारे आणि टाइपरायटर बनवायला घेतले. १८८६ मध्ये टाइपरायटरचा धंदा विकून टाकावा लागला आणि त्याच वर्षी उरलेली कंपनी रिसीव्हरच्या (न्यायालयाने नेमलेल्या कारभाऱ्याच्या) ताब्यात गेली. १८८८ मध्ये ‘युनियन मेटॅलिक कार्ट्रिज’ या काडतूस कंपनीचे मालक मार्सेलस हार्टली यांच्या पेढीच्या पुढाकाराने ती विकत घेतली गेली आणि तेव्हापासून ‘रेमिंग्टन आर्म्स’ हे नाव रूढ झाले. मराठी टंकलेखन शिकलेल्यांना ठाऊक असलेला ‘रेमिंग्टन कळफलक’ हा त्या विकलेल्या टाइपरायटर शाखेचा वारसा. बंदुकांच्या कंपनीच्या नंतरच्या दिवाळखोरीशी त्याचा संबंध नाही. पुढे १९३३ मध्ये ड्युपाँ या रसायन कंपनीने कंपनीवर ताबा मिळवला आणि १९९३ पर्यंत ठेवला. ८७० ही पंप शॉटगन आणि ७०० ही बोल्ट रायफल ही कंपनीची दोन सर्वांत खपाऊ मॉडेले याच काळातली.

कर्ज कसे चढले. २००७ मध्ये सेर्बेरस या खाजगी गुंतवणूक संस्थेने रेमिंग्टन सुमारे ३७ कोटी डॉलरना घेतली. त्यातले २५ कोटींहून अधिक हे कंपनीवरचे जुने कर्जच होते. सेर्बेरसने बुशमास्टर आधीच घेतली होती. मार्लिन, डीपीएमएस, बार्न्स बुलेट्स, अ‍ॅडव्हान्स्ड आर्मामेंट अशा कंपन्या त्यात जोडून ‘फ्रीडम ग्रुप’ नावाचा समूह उभा राहिला. हा पसारा वाढताना कर्जाचा बोजा समूहाच्याच ताळेबंदावर चढत गेला. व्याज ठरल्या तारखेला द्यावेच लागते, पण बंदुकांचा खप मात्र अमेरिकेच्या राजकारणाप्रमाणे वरखाली होतो. निर्बंध येतील अशी भीती पसरली की ग्राहक साठा करतात, ती ओसरली की दुकानांत माल पडून राहतो. २०१६ च्या निवडणुकीआधी दुकानदारांनी भरपूर माल भरून ठेवला होता. निर्बंधांची शक्यता मावळताच नव्या ऑर्डरी आटल्या. समूहाची विक्री २०१३ मध्ये सुमारे १२७ कोटी डॉलर होती. ती २०१६ मध्ये साडेशहाऐंशी कोटींवर आणि २०१७ मध्ये साठ कोटींवर आली. कर्ज मात्र ९५ कोटींच्या आसपास होते.

उत्पादनातही चुका झाल्या. २०१४ मध्ये बाजारात आणलेले आर५१ पिस्तूल परत मागवावे लागले. मॉडेल ७०० च्या चापाचा वाद त्याहून जुना आणि गंभीर. ‘वॉकर’ पद्धतीच्या या चापात मूळ चाप आणि सिअर (घोडा अडवून धरणारा भाग) यांच्या मध्ये कनेक्टर नावाची सुटी पट्टी असते. ती चापाला पक्की जोडलेली नसते, नुसती स्प्रिंगच्या दाबाने टेकलेली असते. चाप आणि पट्टीच्या फटीत कचरा, गंज किंवा घट्ट झालेले तेल अडकले की पट्टी पूर्ण मागे येत नाही आणि सिअरला तिचा पुरेसा आधार मिळत नाही. मग सेफ्टी काढताच चापाला बोट न लावता गोळी सुटू शकते, असा फिर्यादींचा मुद्दा होता. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण सामूहिक दाव्याच्या तडजोडीत चाप फुकट बदलून देण्याचे कबूल केले.

सँडी हुकचा दावा. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हुक प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. मारेकऱ्याने समूहाची बुशमास्टर रायफल वापरली होती. शस्त्राच्या गुन्हेगारी वापरासाठी उत्पादकाला जबाबदार धरण्यावर २००५ च्या संघराज्य कायद्याने बरीच बंधने घातली आहेत. मृतांच्या कुटुंबांनी समूहावर दावा लावताना त्यातून वाट काढली ती जाहिरातीच्या मुद्द्यावर : या रायफलीची जाहिरात ज्या पद्धतीने झाली ती राज्याच्या अनुचित व्यापार कायद्याविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी हा मुद्दा चालवण्यास परवानगी दिली.

पहिली दिवाळखोरी (२०१८). मार्चमध्ये डेलावेअरच्या न्यायालयात ‘चॅप्टर ११’खाली (अमेरिकन दिवाळखोरी कायद्यातील फेररचनेच्या प्रकरणाखाली) अर्ज झाला. मोठ्या धनकोंशी तडजोड अर्जाआधीच ठरलेली असल्याने मे महिन्यात प्रकरण संपले. सत्तर कोटींहून अधिक कर्जाचे भागभांडवलात रूपांतर झाले, सेर्बेरसची मालकी गेली आणि कर्ज देणारेच मालक झाले. पुरवठादारांची देणी आणि चालू दावे यांना हात लावला नाही. म्हणूनच सँडी हुकचा दावा या काळात फक्त थांबला, रद्द झाला नाही. या फेररचनेने व्याज हलके झाले, पण गिऱ्हाईक परत आले नाही. २०१९ ची विक्री सुमारे ४४ कोटी डॉलरवर उतरली.

दुसरी दिवाळखोरी (२०२०). जुलैच्या अखेरीस अलाबामा राज्यात, डिकेटर येथील न्यायालयात दुसरा अर्ज झाला. देशभर बंदुका व काडतुसांचा विक्रमी खप चालू असतानाच हे घडले, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कारण खेळत्या भांडवलाचे आहे. पोलाद, पितळ, शिसे आणि बंदुकीची दारू रोख घेतल्याशिवाय माल बनत नाही, आणि डबघाईला आलेल्या कंपनीला पुरवठादार उधार देत नाहीत. शिवाय अमेरिकेत उत्पादकाला पिस्तुलांवर १० टक्के, इतर बंदुका व काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर भरावा लागतो. मागणी दारात उभी होती, पण ती पुरी करायला हातात पैसा नव्हता.

चॅप्टर ११ मध्ये जुने व्यवस्थापनच बहुधा कारभार चालवते. भारतात २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली कारभार सहसा निराकरण व्यावसायिकाकडे (बाहेरून नेमलेल्या तज्ज्ञाकडे) जातो, त्यापेक्षा हे वेगळे. अर्ज होताच वसुलीच्या सगळ्या कारवाया आपोआप थांबतात. मग त्याच कायद्याच्या कलम ३६३ खाली मालमत्ता विकता येते. साधारणपणे आधी एक बांधील बोली मिळवतात, ती तळ ठरते आणि लिलावात तिच्यावर चढ्या बोली मागवतात. नावाहो राष्ट्र या अमेरिकेतील मूलनिवासी जमातीच्या शासनाने २०१८ प्रमाणे या वेळीही कंपनीत रस दाखवला होता, पण सौदा जुळला नाही. सप्टेंबरमध्ये लिलाव झाला तो तुकड्यातुकड्यांनी. न्यायालयाने मंजूर केलेल्या प्रमुख बोली अशा :

व्हिस्टा आउटडोअर : आर्कान्सामधील लोनोकचा काडतूस कारखाना आणि ‘रेमिंग्टन’ हे व्यापारचिन्ह, ८ कोटी १४ लाख डॉलर.
सिएरा बुलेट्स : बार्न्सचा गोळ्यांचा धंदा, ३ कोटी ५ लाख.
स्टर्म, रुगर : मार्लिन, २ कोटी ८३ लाख.
राउंडहिल ग्रुप : रेमिंग्टन बंदुकांचा धंदा, इलियनचा कारखाना आणि टेनेसीतील नळ्यांचा कारखाना, १ कोटी ३० लाख.

डीपीएमएस व इतर काही नावे जेजेई कॅपिटलने, बुशमास्टर फ्रँकलिन आर्मरीने आणि टॅपको हे समूहाचेच आणखी एक नाव स्पोर्ट्समन्स वेअरहाउसने किरकोळ रकमांना घेतली. आकडे नीट पाहावेत. दोनशे वर्षे बंदुका घडवलेला कारखाना यंत्रांसह १ कोटी ३० लाखांना गेला, आणि काडतूस कारखाना व नाव यांना त्याच्या सहापट भाव आला. काडतूस वापरून संपते, गिऱ्हाईक पुन्हा येते. चांगली रायफल मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बंदुकांवर हे नाव कोरण्यासाठी राउंडहिलला व्हिस्टाकडून परवाना घ्यावा लागला.

कलम ३६३ ची विक्री ‘बोजारहित’ असते, म्हणजे जुनी देणी व दावे खरेदीदाराच्या गळ्यात पडत नाहीत. ते विक्रीतून आलेल्या पैशावर आणि विम्यावर जातात. सँडी हुकच्या नऊ कुटुंबांना फेब्रुवारी २०२२ मध्ये मिळालेले ७ कोटी ३० लाख डॉलर चार विमा कंपन्यांनी दिले. शस्त्र उत्पादनाचा संघराज्य परवानाही मालमत्तेबरोबर खरेदीदाराला मिळत नाही, नव्या मालकाला तो स्वतः काढावा लागतो. त्यामुळे लिलाव झाला तरी यंत्रे लगेच सुरू होत नाहीत.

कामगार आणि इलियन. सर्वांत मोठा घाव इथे बसला. ऑक्टोबर २०२० मध्ये इलियनच्या ५८५ कामगारांना कमी केले गेले आणि करारातली नुकसानभरपाई देण्यास कंपनीने नकार दिला. खाण कामगारांच्या ‘युनायटेड माइन वर्कर्स’ या संघटनेचे ते सभासद होते. राउंडहिलच्या नव्या ‘रेमआर्म्स’ कंपनीने २०२१ मध्ये कारखान्याचा काही भाग चालू केला, पण त्याच वर्षी मुख्यालय जॉर्जियातील लाग्रेंजला नेण्याचे जाहीर केले. मार्च २०२४ मध्ये इलियनचे काम बंद झाले आणि उरलेल्या सुमारे २७० जणांची नोकरी गेली. सुमारे १० लाख चौरस फुटांच्या, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इमारतींची देखभाल व विमा परवडत नाही, हे कंपनीने दिलेल्या कारणांपैकी एक होते.

मार्लिनचा अनुभव. जुनी यंत्रे विकत घेतली की कौशल्य आपोआप येत नाही, हे मार्लिनच्या लिव्हर रायफलींनी दोनदा दाखवले. रेमिंग्टनने मार्लिनचा नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करून यंत्रे हलवली, तेव्हा झिजलेल्या यंत्रांतून अचूक माल कसा काढायचा हे जाणणारे कारागीर मागेच राहिले. पुढच्या रायफलींत माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) तिरकी बसणे, लाकूड आणि धातूत फट राहणे अशा तक्रारी वाढल्या. रुगरने ती यंत्रे तशीच चालवण्याऐवजी नॉर्थ कॅरोलायनातील मेयोडन येथे उत्पादनाची घडी नव्याने बसवली आणि पहिली रायफल डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर पाठवली.

जुनी मार्लिन घेणाऱ्याने नळीवरचे ठसे पाहावेत. रिसीव्हरजवळ (नळी ज्यात बसते त्या बंदुकीच्या मुख्य सांगाड्याजवळ) ‘जेएम’ असेल तर नळी मूळ मार्लिनची, ‘आरईपी’ असेल तर रेमिंग्टनच्या काळातली. रुगरच्या रायफलीचा अनुक्रमांक ‘आरएम’ने सुरू होतो. लिलावापूर्वीच्या बंदुकांची हमी नव्या मालकांनी स्वीकारलेली नाही. मॉडेल ७०० चा चाप फुकट बदलून घेण्याची मुदतही एप्रिल २०२० मध्येच संपली, त्यामुळे वॉकर चाप असलेली रायफल वापरण्याआधी जाणकार बंदूक-कारागिराकडून तो स्वखर्चाने बदलून घ्यावा लागतो.