सिग्नलला न दिसणारी यंत्रं

रुळांवर दुरुस्तीचं यंत्र उभं आहे आणि मागचा सिग्नल तरीही हिरवा. रेल्वेबाहेरच्या माणसाला हे पटत नाही. याचं मूळ दीडशे वर्षं मागे आहे.

१८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांतून हलका वीजप्रवाह सोडायचा. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधेच वळतो, रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पडतो आणि सिग्नल आपोआप लाल होतो. अपघात टाळायला याइतकी साधी आणि हुशार युक्ती क्वचितच निघाली असेल.

त्याच दशकात रूळ तपासणाऱ्यांच्या हाती हलक्या गाड्या आल्या. मिशिगनच्या जॉर्ज शेफिल्ड यांनी १८७९ मध्ये हातापायांनी चालवायच्या तीनचाकीचं पेटंट घेतलं. पुढे पेट्रोल इंजिनाच्या ट्रॉल्या आल्या. अशा कितीतरी ट्रॉल्यांच्या चाकांना मुद्दाम वीज न वाहू देणारं इन्सुलेशन घालत, म्हणजे एवढ्याशा गाडीपायी सिग्नल लाल होऊन वाहतूक खोळंबायला नको. आगगाडी दिसली की चौघांनी ट्रॉली उचलून बाजूला ठेवायची, एवढाच काय तो बंदोबस्त.

यंत्रं जड होत गेली तसा तो बंदोबस्त संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडची मातिसा आणि १९५३ मध्ये ऑस्ट्रियात सुरू झालेली प्लासर अँड थॉयरर यांनी स्लीपरखालची खडी ठोकून बसवणारी टॅम्पिंग यंत्रं आणली. रूळ राखणाऱ्या गँगच्या हातातल्या लोखंडी ठोकण्यांचं काम यंत्राकडे गेलं. त्यामागोमाग रस्त्यावरून येऊन रुळांवर चढणारे एक्सकॅव्हेटर आले. ही यंत्रं उचलून बाजूला ठेवता येत नाहीत. मग उरला तो ब्लॉक: लाइन बंद असल्याचा कंट्रोलचा, म्हणजे गाड्या सोडणाऱ्या नियंत्रण कक्षाचा, शब्द.

हा शब्द किती सहज निसटतो, ते ३ एप्रिल २०१६ च्या सकाळी पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरजवळ दिसलं. रात्रपाळीच्या फोरमनने घरी जाताना लाइनवरचं संरक्षण, म्हणजे गाड्या न सोडण्याची व्यवस्था, सोडून दिलं. दिवसपाळीवाला ते चालूच आहे असं धरून चालला. रुळांवर बॅकहो, म्हणजे खोदकामाचं यंत्र, उभा होता. रबरी टायरमुळे सर्किट जोडलं जात नाही, म्हणून दोन्ही रुळांना जोडायची वेगळी तार नियमाने लावायची होती. ती लावली नव्हती. ताशी सुमारे १७० किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या चालकाने आपत्कालीन ब्रेक लावला, पण उशीर झाला होता. बॅकहोचा चालक आणि ट्रॅक सुपरवायझर दोघेही गेले. अमेरिकेत रुळांवरच्या कामगारांच्या संरक्षणाचे खास नियम १९९७ पासून लागू होते, हेही इथे लक्षात घ्यायला हवं.

मात्र गाडीच दरवेळी येऊन आदळते असं नाही. १५ फेब्रुवारी २००४ च्या पहाटे इंग्लंडमधल्या टीबे इथे काम करणाऱ्या चौघांचा जीव रूळ लादलेल्या एका ट्रेलरने घेतला. ट्रेलर उतारावर वरच्या अंगाला उभा होता, त्याचे ब्रेक मुद्दाम निकामी केलेले होते आणि चाकांखाली लाकडी ठोकळे होते. तो सुटला. त्याला ना इंजिन ना दिवा, त्यामुळे अंधारात तो आलेला कळायला काही मार्गच नव्हता. पुढे दोघांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला. पण ब्रेक धड असूनही काही रोड-रेल यंत्रं, म्हणजे रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारी यंत्रं, सुटतात: ज्यांचा ब्रेक रबरी चाकं रेल्वेच्या चाकांवर दाबून लागतो, त्यांच्यात रुळांवर चढता-उतरताना एक टप्पा असा येतो की कुठलाच ब्रेक लागलेला नसतो. उतारावर तेवढा क्षण पुरतो.

आवाजाची गोष्ट आणखी वेगळी. हत्यारं जितकी ताकदवान, तितकी कानठळ्या बसवणारी. ३ जुलै २०१९ ला वेल्समधल्या मार्गमजवळ नटबोल्टचं काम करणाऱ्या दोन कामगारांना गाडीने उडवलं. चालकाने भोंगा वाजवला होता. एकाच्या हातात पेट्रोलवर चालणारं हत्यार होतं, कानांवर बहुधा आवाजरोधक होते आणि लक्ष बोल्टवर होतं.

आणि पुन्हा तोच ब्लॉकचा शब्द: ३० ऑगस्ट २०२३ च्या रात्री इटलीत तुरीनजवळच्या ब्रांदित्सो इथे रूळ बदलणारे पाच जण सुमारे ताशी १६० किलोमीटरने आलेल्या गाडीखाली गेले. लाइन बंद झालेली नव्हती. काम सुरू करायची लेखी परवानगी अजून हाती यायची होती.